घडीची सायकल

घडी घालण्याच्या बाबतीत आमच्या घरात माझी पत पार बुडालेली आहे. मी चादरीची घडी घातली की आत कोणीतरी झोपलंय असं वाटतं. वर्तमानपत्राची घडी घालायला गेलो तर अग्रलेख हमखास फाटतो. अशा माणसाच्या घरी भाच्याने घडीची सायकल आणून ठेवली आणि वर म्हणाला, "मामा, अगदी सोपी आहे हो. तीन घड्या, वीस सेकंद!"

भाचा चार वर्षं जपानात ओसाकाला नोकरी करून परतला होता. लोक परदेशातून घड्याळं आणतात, अत्तरं आणतात. याने सायकल आणली आणि तिच्याबरोबर एक तत्त्वज्ञान आणलं. सकाळी सायकल मारत स्टेशन गाठायचं, घडी घालून ती पिशवीत भरायची, गाडीत बसायचं, आवडेल त्या गावी उतरायचं, घडी उलगडायची आणि त्या गावात जे पिकतं, जे शिजतं ते खात खात पुढचं स्टेशन गाठायचं. सायकल पिशवीत भरून गाडीने नेण्याला तिकडे 'रिंको' म्हणतात. पिशवीची लांबी, रुंदी, उंची मिळून 250 सेंटिमीटर आणि वजन 30 किलो, एवढ्यात बसली की रेल्वे ती फुकट नेऊ देते.

दोन संध्याकाळी त्याने मला फोटो दाखवले. मला नाट्यपरीक्षणं लिहिण्याची जुनी खोड. तेव्हा या प्रकाराचंही परीक्षण केल्याशिवाय राहवेना.

पहिला मुद्दा : या नाटकाची नायिका सायकल नव्हे. ती प्रत्येक फोटोत आहे, हे कबूल. पण ऐतिहासिक नाटकात भालदार जसा प्रत्येक दरबारात असतो, तशी. तिचं घराणं मात्र चांगलं आहे. दुसऱ्या महायुद्धात घडीच्या सायकली छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून खाली उतरल्या. 1975 साली लंडनच्या अँड्र्यू रिचीने आपल्या फ्लॅटमध्ये हल्लीच्या प्रसिद्ध ब्रॉम्प्टन सायकलीची खटपट सुरू केली आणि खिडकीतून दिसणाऱ्या चर्चचं नाव तिला दिलं. चाकं जेमतेम 16 इंची. मोठा माणूस तिच्यावर बसला की लेकराची सायकल पळवून नेतोय असं दिसतं, ते सोडा.

खरी नायिका ताटात आहे. योकोकावा नावाचं एक लहानसं स्टेशन. पुढे उसुईचा घाट, म्हणून तिथे गाड्यांना जादा इंजिन लागत असे आणि तेवढा वेळ गाडी थांबे. कर्जतला इंजिन लागेपर्यंत वडा खाल्लेल्या पुणेकराला पुढचं सांगायला नकोच. 1958 पासून तिथे मातीच्या इवल्याशा मडक्यात भात विकतात. घाटातली रेल्वे 1997 साली बंद झाली. मडकं चालूच आहे. ओनोमिचीहून इमाबारीपर्यंत बेटांवरून आणि पुलांवरून गेलेला सत्तरेक किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, 1999 सालचा. त्याच्या तोंडाशी रामेन खायचा, तोही ओनोमिचीच्या नावाचा. मधल्या बेटावर लिंबं, तीही तिथल्याच नावाची. कागावा प्रांताचं जुनं नाव सानुकी. प्रांताचं नाव म्हणून ते गेलं, पण तिथल्या उदोनच्या वाडग्यावर ते आजही आहे. माणूस सानुकी उदोन खातो म्हणजे एका शेवयांच्या वाडग्यात आख्खा जुना प्रांत खातो!

"आपणही करू की," मी म्हणालो.

"कुठे?"

"तेलगावला."

भाचा हसला. हसण्यासारखंच होतं. तेलगाव हे माझं गाव. बीड-परळी रस्ता आणि माजलगाव-धारूर रस्ता एकमेकांना कापतात तिथला चौक, जवळ साखर कारखाना, आणि चारही दिशांना जाणारी माणसं. रेल्वेचं म्हणाल तर बीड शहरालाच ती मिळाली 17 सप्टेंबर 2025 रोजी. तेव्हा रिंको करायचा तो एस.टी.तच.

पुण्याहून केजपर्यंत ठीक झालं. धारूरच्या गाडीत चढताना कंडक्टरने पिशवीकडे पाहिलं.

"ह्ये काय हाय?"

"सायकल."

"कुठाय सायकल?"

"हीच. घडी घातलीये." (घडी भाच्याने घालून दिली होती.)

त्याने पिशवीला बोट लावून पाहिलं. "मग पिशवी म्हणा की. सायकल म्हणलं की मला बी इचार करावा लागतो."

इतकी सुटसुटीत नियमावली जपानी रेल्वेकडेही नसेल.

धारूरला उतरून मी घडी उलगडली. वीस सेकंदांचं काम मी वीस मिनिटांत केलं; तेवढ्यात पंधराएक माणसं जमली होती आणि त्यांतल्या चौघांनी ती लावून दिली. धारूर आहे बालाघाटाच्या माथ्यावर, तेलगाव खाली. म्हणजे सगळा उतार. माझ्या वयाला शोभेल अशी दिशा मी निवडली होती. दसरा होऊन गेला होता. घाटात एक म्हातारी सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे तिला ठाऊक नव्हतं. "डोळं उघडल्यालं घ्या," एवढंच ती म्हणाली. कठड्यावर बसून मी चार खाल्ली. या प्रवेशाला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

दुसरा अंक तेलगावच्या चौकात पडला. म्हणजे आपटलाच. हॉटेलच्या पाटीवर पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन असा आख्खा भूगोल होता.

"इथलं काय आहे?" मी विचारलं.

"सगळं इथलंच हाय, साहेब. मागं भटारखाना हाय."

"तसं नव्हे हो. तेलगावचं?"

मालकाने माझ्याकडे, मग सायकलकडे पाहिलं. "पाव्हणं, तेलगावचं खायला लोक हाटेलात कशाला येतील?"

निरुत्तर होऊन मी पनीर खाल्लं. तांबडा रस्सा, वर मलईची रेघ. हाच रस्सा मी नाशकात खाल्लाय, नागपुरात खाल्लाय. साऱ्या देशाचा रस्सा एकाच आचाऱ्याने एकाच दुपारी करून ठेवलाय आणि आपण तो अजून संपवतोय, अशी मला दाट शंका आहे.

बाहेर येतो तो मागचं चाक बसलेलं. पंक्चरवाल्याने चाक पाहून विचारलं, "लेकराची हाय का?" या मापाची ट्यूब मिळणार नव्हती, जुन्यालाच ठिगळ लावणं भाग होतं. मी बाकड्यावर टेकलो. मागच्या खोलीतून काहीतरी भाजल्याचा वास आला आणि माझं वय एकदम साठ वर्षांनी कमी झालं.

येसर!

ज्यांना येसर ठाऊक नाही त्यांच्यासाठी : धान्य आणि डाळी भाजून, गरम मसाला घालून केलेलं पीठ. घरागणिक प्रमाण वेगळं. फोडणीच्या पाण्यात ते कालवलं की आमटी होते. काळपट, झणझणीत, नाकातून पाणी काढणारी. त्यात ज्वारीची भाकरी कुस्करायची. मराठवाड्यात कार्य असो की घाई असो, येसर आहे. डबा भरून ठेवला की महिनोन् महिने टिकतो.

इथे तो टिकण्यासाठीच चालला होता. पंक्चरवाला दसऱ्यापर्यंत पंक्चर काढतो आणि मग ऊस तोडायला सांगलीकडे जातो. गावाशेजारी कारखाना आहे, पण त्याची उचल तिकडच्या मुकादमाची. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी या धंद्यातली मोजणी. पाच-सहा महिने फडाशेजारी कोपीत राहायचं. पहाटे उठून स्वयंपाकाला वेळ कुठला? म्हणून येसराचा डबा.

"जेवलाव का?" आतून बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. पनीर पोटात होतं, पण त्याला मी जेवण म्हणायला तयार नव्हतो.

"तिकडं फिरायला येतेत का असं कोणी सायकलीवर?" मी त्याला विचारलं.

"येतेत की. फोटो काढतेत. उसाचा."

बाई दारात आल्या आणि संकोचल्या. "पाव्हण्याला येसर काय वाढायचा! थांबा, हाटेलातून भाजी आणायला लावते."

आता इथे परीक्षकाने लेखणी खाली ठेवली पाहिजे, कारण नाटकातलं हे वाक्य माझंच होतं. चाळीस वर्षांपूर्वी आई मला पुण्याला येसराचा डबा पाठवायची. एकदा आमचे साहेब जेवायला यायचे होते. डबा मीच फळीच्या मागे ढकलला, खिडक्या उघडून वास घालवला आणि बाहेरून भाजी आणवली. आई तेव्हा आमच्याकडेच होती. ती काही बोलली नाही. पुढे डबा मात्र यायचा बंद झाला. मला वाटलं, तिचं वय झालं.

हॉटेलवाल्याला दोष देण्यात काय अर्थ? त्याची पाटी मी रंगवली, माझ्यासारख्या हजारोंनी रंगवली. जपान्यांचं कौतुक सायकलीसाठी नव्हेच. घाटाखालच्या स्टेशनावरच्या भातालाही त्यांनी आपल्या घाटाचं नाव लावलं आणि पाहुण्यापुढे ठेवताना ते लाजले नाहीत, हे खरं. ही गोष्ट पिशवीत भरून आणता येत नाही. भाच्याने म्हणूनच नुसती सायकल आणली.

मी दोन भाकरी खाल्ल्या. बाईंनी निघताना कागदात थोडं येसर बांधून दिलं. पैसे घेतले ते फक्त पंक्चरचे. त्यांच्या सहा महिन्यांच्या शिध्यातून माझी पुडी निघाली होती, हे मला एस.टी.त बसल्यावर सुचलं. बुद्धी मला नेहमी गाडी सुटल्यावरच सुचते.

तेव्हा शिफारस : सायकल घेतली नाही तरी चालेल. भूक मात्र न्यावी, आणि लाज घरी ठेवावी.

सायकलीची घडी मला अजून येत नाही. ती आमच्या दिवाणखान्यात उघडीच उभी असते. येसराचा डबाही आता पुढच्या फळीवर असतो. परवा शेजारच्या वहिनींनी विचारलं, "कसला हो वास हा?"

"तेलगावचा," सौभाग्यवती म्हणाल्या, आणि वाटी पुढे केली.