विश्वाची अखेरची वीट

पदार्थाचे तुकडे करीत गेल्यास शेवटी काय उरते, हा प्रश्न पुरातन आहे. विज्ञानाने त्याचे उत्तर पायरीपायरीने दिले. अणूत केंद्रक आणि इलेक्ट्रॉन, केंद्रकात प्रोटॉन व न्यूट्रॉन, आणि त्यांच्याही पोटात क्वार्क. सहा क्वार्क, सहा लेप्टॉन आणि बले वाहून नेणारे कण अशी आजची मान्य मांडणी आहे. २०१२ साली हिग्ज कण सापडला आणि तिच्यातील अखेरची रिकामी जागा भरली. परंतु या मांडणीत गुरुत्वाकर्षणाला स्थान नाही. सूक्ष्म कणांचे वर्तन सांगणारी पुंजयामिकी आणि गुरुत्वाकर्षण सांगणारा आइनस्टाइन यांचा व्यापक सापेक्षता सिद्धांत एकत्र आणू जाता गणित निरर्थक उत्तरे देऊ लागते. या पेचातून वाट काढू पाहणारा तंतुसिद्धांत, म्हणजेच स्ट्रिंग थिअरी, सामान्य वाचकांपर्यंत पोहोचविण्याचे मोठे श्रेय ब्रायन ग्रीन यांच्या ‘द एलिगंट युनिव्हर्स’ (१९९९) या ग्रंथाला जाते. ग्रंथ प्रसिद्ध होऊन पाव शतक लोटले असल्याने त्याचे पुनर्मूल्यमापन करणे आता अधिक सोपे झाले आहे.

ग्रीन हे स्वतः या क्षेत्रातील संशोधक आहेत आणि त्यांची समजावून सांगण्याची हातोटी विलक्षण आहे. दुरून पाहिले तर बागेतील पाण्याची नळी केवळ रेषा वाटते. तिच्यावरून चालणाऱ्या मुंगीला मात्र नळीच्या घेराभोवतीही फिरता येते. अवकाशाच्या काही मिती अशाच गुंडाळलेल्या असल्याने आपणांस दिसत नसाव्यात, ही कठीण कल्पना या एका दृष्टान्ताने उलगडते. सिद्धांताचा इतिहासही ते रोचकपणे सांगतात. १९६८ साली व्हेनेत्सियानो यांना प्रबल बलाचे वर्णन करणारे एक सूत्र सापडले. ते सूत्र कंप पावणाऱ्या तंतूंचे आहे, हे काही वर्षांतच उमगले. १९७४ मध्ये शेर्क आणि श्वार्ट्झ यांनी त्यातच गुरुत्वाकर्षणाचा कण ओळखला. १९८४ मध्ये मायकेल ग्रीन व श्वार्ट्झ यांनी सिद्धांतातील एक गंभीर विसंगती दूर केल्यावर जगभरचे संशोधक त्याकडे वळले.

ग्रंथाची मध्यवर्ती उपमा संगीताची आहे. एकच तार निरनिराळे स्वर देते, तद्वत एकच सूक्ष्म तंतू निरनिराळ्या कंपनांनी निरनिराळे कण म्हणून प्रकट होतो. उपमा मोहक आहे, आणि धोका नेमका येथेच आहे. हा तंतू प्रोटॉनपेक्षा १ वर २० शून्ये इतक्या पटींनी लहान मानला जातो. इतक्या सूक्ष्मतेपर्यंत पोहोचणारे कोणतेही उपकरण आज नाही. वाचकाच्या कानात स्वर घुमू लागतो. तो कोणी ऐकलेला नाही, याचे स्मरण मात्र हळूहळू पुसले जाते.

याहून महत्त्वाचा मुद्दा ‘वीट’ या कल्पनेचाच आहे. तंतू कशाचे बनले आहेत, या प्रश्नाला ग्रीन दोन उत्तरे देतात: एक, ते अविभाज्य आहेत, दुसरे, कदाचित त्यांनाही घटक असतील. हा प्रामाणिकपणा आहे. परंतु त्याचा परिणाम ग्रंथभर जाणवत नाही. १९९४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणाऱ्या अशोक सेन यांनी ‘द्वैतता’ या कल्पनेला बळकट आधार दिला. एका वर्णनात जो कण मूलभूत, तोच दुसऱ्या, तितक्याच खऱ्या वर्णनात संयुक्त ठरू शकतो, असे ही द्वैतता सुचविते. १९९५ मध्ये विटेन यांनी पाच वेगवेगळे तंतुसिद्धांत एकाच अकरा मितींच्या सिद्धांताची रूपे असावीत, असे मांडले. तेथे तंतूंबरोबर पटलेही आली. म्हणजे अखेरच्या विटेच्या शोधात निघालेला सिद्धांत ‘अखेरची वीट’ हे शब्दच संशयास्पद करून ठेवतो. ग्रंथातील हा सर्वांत मौलिक विचार उपमांच्या गर्दीत झाकला गेला आहे.

पुराव्याचा विचार नवव्या प्रकरणात येतो. कणांचे ‘अतिसममित’ जोडीदार नव्या त्वरकात सापडतील, अशी आशा तेथे आहे. जिनिव्हाजवळचा तो महाकाय त्वरक २००८ मध्ये उभा राहिला. तेथे हिग्ज कण मिळाला. हे जोडीदार अद्याप मिळालेले नाहीत. दुसरीकडे, मिती गुंडाळण्याचे प्रकार १ वर ५०० शून्ये इतके असू शकतात, असे अंदाज पुढे आले. प्रत्येक प्रकार वेगळे विश्व देत असेल, तर सिद्धांत नेमके कोणते भाकीत करतो? २००६ मध्ये पीटर वॉइट आणि ली स्मोलिन यांनी स्वतंत्र ग्रंथांतून हाच प्रश्न परखडपणे विचारला.

तरीही सिद्धांत टाकाऊ ठरत नाही. १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर व वाफा यांनी काही विशिष्ट कृष्णविवरांची एन्ट्रॉपी तंतुसिद्धांताने मोजली आणि ती पूर्वज्ञात सूत्राशी तंतोतंत जुळली. हे यश खरे आहे. परंतु ती गणिताची अंतर्गत संगती आहे, निसर्गाची साक्ष नव्हे. संगती आणि साक्ष यांतील भेद वाचकाने कधीही सोडू नये.

हा भेद आपणांस विशेष मोलाचा आहे. तंतूंच्या कंपनात कोणी प्राचीन नाद ऐकतो, तर कोणी अनात्मवादाचे प्रमाणपत्र शोधतो. ज्या सिद्धांताला स्वतःचेच प्रमाण मिळालेले नाही, त्याच्याकडून इतरांनी प्रमाणपत्र मागणे व्यर्थ होय. विचार आपल्या युक्तीवर आणि अनुभवावर उभा राहावा; उसन्या शास्त्राच्या टेकूवर नव्हे.

म्हणून ‘द एलिगंट युनिव्हर्स’ अवश्य वाचावा. मात्र प्रत्येक पानावर एक प्रश्न जवळ ठेवावा: हे सुंदर आहे खरे, परंतु हे तपासले आहे काय? या प्रश्नासह वाचल्यास ग्रंथ अधिकच शिकवितो. सौंदर्य शोधाची दिशा सुचवू शकते. सत्याचा निवाडा मात्र प्रयोगच करतो.