नटाचे इमान आणि रसिकांचा रोष

एखादा नामांकित नट रंगभूमीवरून चित्रपटात गेला, की मराठी रसिकांत दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, त्याने पैशासाठी इमान विकले. दुसरा म्हणतो, नटालाही पोट आहे, आणि शिवाय त्याची कला आता गावोगाव पोहोचेल. बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त भूमिका केली तेव्हा रसिक हळहळले, डॉ. श्रीराम लागू हिंदी चित्रपटांत वरचेवर दिसू लागले तेव्हा तीच हळहळ पुन्हा ऐकू आली. आणि आजही नाट्यगृहाच्या आवारात, मध्यंतराच्या चहाबरोबर, हा वाद रंगतो. नावे बदलतात, वाक्ये तीच राहतात.

ह्या वादात दोन्ही पक्ष नटाच्या वर्तनाविषयी बोलतात, त्याच्या कामाविषयी फारसे कोणी बोलत नाही. ‘तो गेला’ ह्या क्रियापदावर सारा भर. तो जिकडे गेला तिकडे त्याच्या अभिनयाचे काय झाले, ही चौकशी टीकेची आहे. आणि तीच मागे पडते. आम्हांला येथे तेवढीच चौकशी करावयाची आहे. इमानाचा प्रश्न वाटेत येईल तसा पाहू.

बालगंधर्वांपासून आरंभ करणे प्राप्त आहे. ‘धर्मात्मा’ पडद्यावर आला तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस. तीस वर्षे ते रंगभूमीवर होते. १९१३पासून गंधर्व नाटक मंडळी चालवीत होते. आणि त्यांतील बराच काळ कर्जाच्या ओझ्याखाली. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’. नाटकगृहांचे मालक एकामागून एक आपली गृहे बोलपटांना देऊ लागले. शंभर माणसांचे बिऱ्हाड, पडदे, शालू, अत्तरे आणि साथीदार घेऊन हिंडणाऱ्या मंडळीने मुक्काम कोठे करावा, हाच प्रश्न पडला. अशा अवस्थेत केलेल्या कराराला ‘निवड’ म्हणणे म्हणजे त्या शब्दाचा दुरुपयोग आहे. मंगेशीचे मास्टर दीनानाथ ह्यांची कथा तर याहून करुण. १९१८ साली स्थापन झालेली त्यांची बलवंत संगीत मंडळी चित्रपट काढण्याच्या मागे लागली, १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ निघाले, आणि तो व्यवसाय त्यांना तारण्याऐवजी बुडवून गेला. १९४२ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते वारले. त्यांना ‘पैशाच्या मागे गेला’ असे म्हणणाऱ्याने पैसा कोणाकडे गेला हेही एकदा पाहावे.

असो. कर्जाने करारावर सही होते, भूमिका होत नाही. ‘धर्मात्मा’ का फसला? चित्रपट म्हणून तो मुळीच फसलेला नाही. शांतारामांचे दिग्दर्शन आहे, एकनाथांच्या चरित्रातील अस्पृश्यतेचा प्रश्न धीटपणे हाताळला आहे, इतका की मूळचे ‘महात्मा’ हे नाव सरकारी परीक्षकांना खपले नाही. फसले ते बालगंधर्व. रसिकांनी ह्याचे उत्तर तत्काळ शोधले: ज्यांना भामिनी, रुक्मिणी, सिंधू म्हणून डोळ्यांत साठविले, त्यांना पुरुषवेषात कसे पाहावे? हे उत्तर सर्वत्र चालते, पण ते पुरेसे नाही. कारण १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’ निघाला. ‘अमृतसिद्धी’ ह्या नाटकाचेच ते चित्रण. त्यात बालगंधर्वांना स्त्रीवेष परत मिळाला, मीरेची भूमिका मिळाली, ओळखीचे नाटक मिळाले. तोही चित्रपट पडला. तेव्हा दोष वेषाचा नव्हता, निदान केवळ वेषाचा नव्हता.

आमच्या मते मर्म असे आहे. बालगंधर्वांचा अभिनय रंगमंचावर पुरा होत नसे; तो प्रेक्षागृहात पुरा होई. एक पद म्हणावयाचे, वन्समोअर आला की तेच पद निराळ्या अंगाने मांडावयाचे, तिसऱ्यांदा एखाद्या शब्दावर थांबून त्यातला आर्जव वाढवावयाचा. समोरची मान हलते आहे हे पाहून पुढची जागा घ्यावयाची. ह्यामुळे नाटकाची मैफल होते, सिंधूच्या हालअपेष्टा गाण्यात विरघळतात, हा आक्षेप त्यांच्यावर त्या काळीही होता, आणि तो खरा होता. परंतु तो दोष आणि ते सामर्थ्य एकाच मुळाचे. स्त्रीवेषाचेही तेच. पुरुषाच्या देहातून उभी राहिलेली ती स्त्री दिव्यांच्या उजेडात, काही हातांच्या अंतरावर, आणि मुख्य म्हणजे प्रेक्षकाच्या संमतीने उभी राहत असे. प्रेक्षक आपल्या कल्पनेने अर्धे काम करी. कॅमेऱ्याला कल्पना नसते. तो जवळ जातो आणि जे आहे ते दाखवितो. स्टुडिओत वन्समोअर नाही, मान हलविणारा नाही, तीन मिनिटांनंतर पुढील दृश्याची तयारी. म्हणजे नट पडद्यावर गेला, पण त्याच्या कलेचा अर्धा भाग, जो खुर्च्यांवर बसलेला होता, तो मागेच राहिला.

येथे कोणी म्हणेल, यंत्राने कलेचा घात केला. हे आम्हांला मान्य नाही, आणि त्याला पुरावा ध्वनिमुद्रिकांचा आहे. तबकडीही यंत्रच, तिच्यावर तर तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा अधिक गाणे मावत नसे. रंगभूमीवर अर्धा अर्धा तास चालणारे पद तेवढ्यात बसवावयाचे. तरीही बालगंधर्वांच्या तबकड्या शंभर वर्षांनंतर ऐकल्या जातात, आणि त्यांत अपुरेपणा जाणवत नाही. उलट काही पदे तेथे अधिक रेखीव झाली आहेत. विस्ताराचा मोह यंत्रानेच आवरला. एक यंत्र मानवले, दुसरे मानवले नाही. तबकडीने त्यांच्याकडून फक्त गळा मागितला. चित्रपटाने चेहरा मागितला, आणि तोही प्रेक्षकाच्या मदतीवाचून.

ह्याच ‘धर्मात्मा’ने दुसऱ्या एका नाटकवाल्याचे काय झाले, ते वाद घालणारे विसरतात. त्या चित्रपटाचे संगीत मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांचे. तेही गंधर्व मंडळीतलेच. प्रभातला ते पुढे ‘माणूस’ आणि ‘शेजारी’पर्यंत लाभले, आणि १९४२ साली ‘कुलवधू’ला चाली देऊन रंगभूमीवर हजर झाले. त्या नाटकात गायल्या त्या ज्योत्स्नाबाई भोळे, मूळच्या गोव्याच्या. चित्रपटासाठी लहान, आटोपशीर चाल बांधण्याची सवय ‘कुलवधू’च्या पदांत स्पष्ट ऐकू येते, आणि ती त्या नाटकाला पोषकच झाली. कृष्णरावांच्या इमानाचा प्रश्न कोणी काढल्याचे आमच्या वाचनात नाही. संगीतकाराने जावे-यावे, नटाने मात्र पातिव्रत्य पाळावे, असा काहीसा हा न्याय आहे!

केशवराव दाते ह्यांचे उदाहरण अधिक बोलके. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ उभी करणारा हा दिग्दर्शक-नट. पुढच्याच वर्षी प्रभातच्या मराठी ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरू, आणि १९३७ साली ‘कुंकू’मधील वृद्ध वर. दातेंची बोलण्याची धाटणी मुळातच आतल्या आत वळणारी. टाळीसाठी वाक्य फेकणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. ‘कुंकू’तील काकासाहेब खलपुरुष होऊ शकला असता, विनोदीही होऊ शकला असता. दात्यांनी त्याला एक लाजलेला मनुष्य केला. तरुण पत्नीसमोर त्याचा अधिकार हळूहळू गळून पडतो, तो शब्दांतून नव्हे; नजर खाली जाते, हात उगाच काहीतरी चाचपतो. एवढा सूक्ष्म अभिनय नाट्यगृहाच्या मागच्या रांगेपर्यंत कितपत गेला असता, ह्याची शंका आहे. कॅमेऱ्याने दात्यांना नवे काही दिले नाही. त्यांच्यापाशी जे होते आणि पुरते दिसत नव्हते, ते दाखविले. बालगंधर्वांशी जो निष्ठुर झाला, तोच कॅमेरा येथे उपकारी ठरला.

आता डॉ. लागू. ह्यांच्याविषयीचा वाद बहुतेक वाचकांना प्रत्यक्ष आठवत असेल. शल्यचिकित्सेचा व्यवसाय सोडून १९६९ साली, बेचाळिशीत, ते पूर्णवेळ नट झाले. १९७०च्या डिसेंबरात धी गोवा हिंदु असोसिएशनने ‘नटसम्राट’ रंगमंचावर आणले, आणि गणपतराव बेलवलकर म्हणजे लागू हे समीकरण झाले. १९७२ साली ‘पिंजरा’. मग ‘सामना’, ‘सिंहासन’. आणि त्यांच्या मागेपुढे हिंदी चित्रपटांची रांग. त्या रांगेत ‘घरौंदा’सारखा अपवाद सोडला तर न्यायाधीश, डॉक्टर, नायिकेचा पिता अशा ठरीव भूमिकाच अधिक. रसिक कळवळले: एवढा नट हिंदीत वाया गेला.

वाया गेला का? ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, ‘आत्मकथा’, ‘सूर्य पाहिलेला माणूस’मधला सॉक्रेटिस, ‘मित्र’ ही नाटके त्या कथित वनवासाच्या काळातली व नंतरची आहेत. अल्पसंख्य प्रेक्षकांची, धंद्याच्या दृष्टीने धोक्याची नाटके. ज्याची चूल दुसरीकडे पेटते आहे, त्यालाच अशी नाटके करण्याची ऐपत असते. किरकोळ हिंदी भूमिकांनी रंगभूमीचे नुकसान केले असे म्हणण्यापेक्षा त्यांनी तिचा खर्च भागविला असे म्हणणे अधिक खरे होईल. लागूंनी आपल्या आत्मचरित्राला ‘लमाण’ हे नाव दिले. नाटककाराचा माल इकडून तिकडे वाहून नेणारा तो नट, ही त्यातली भावना. लमाणाला मार्ग कोणता हे विचारण्यापूर्वी माल कोणता हे विचारावे. हिंदीत त्यांना माल हलका मिळाला; ‘सामना’त तेंडुलकरांचा मिळाला, आणि तेथील मास्तर कोणत्याही नाटकातील भूमिकेच्या तोडीचा आहे.

लागूंच्या बाजूने एवढे बोलल्यावर एक आक्षेप आमचाही आहे. त्यांची वाणी विचार करीत बोलणाऱ्या माणसाची. शब्दापूर्वी थांबणे हे तिचे बळ. ठरीव भूमिकांत हे थांबणे लकब होऊन बसले, आणि क्वचित ती लकब परतीच्या वाटेने रंगभूमीवरही आली. चित्रपटाचा दोष शोधावयाचा तर तो असा बारकाईने शोधावा.

आम्हां बृहन्महाराष्ट्रातील मंडळींना ह्या वादात आणखी एक गोष्ट बोलावयास हवी, आणि ती मुंबई-पुण्याच्या रसिकाला सुचणार नाही. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग १९१९ साली झाला तो बडोद्यास. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव ही नाटक मंडळ्यांच्या मुक्कामाची गावे होती. मंडळी येई ती आठवडेच्या आठवडे राही. बोलपटांनी मंडळ्या मोडल्या तेव्हा पुण्याच्या रसिकाचा एक नट गेला. आमचे नाटकच गेले. पुढे जी नवी रंगभूमी उभी राहिली ती एका रात्रीत जाऊन-येऊन करता येईल अशा अंतरावर जगणारी. ‘नटसम्राट’ आमच्यापैकी अनेकांनी प्रथम वाचले, पाहिले नाही. लागू, दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त ह्यांच्या बेलवलकरांत काय फरक होता, ही चर्चा आम्ही दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली. पण ‘पिंजरा’ आमच्या गावी आला. त्यातल्या मास्तराची अधोगती आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिली, आणि लागू कोण हे आम्हांला तेव्हा कळले. म्हणून ‘चित्रपटाने नट नेला’ हे वाक्य आमच्या तोंडी पुरते शोभत नाही. आमच्यापुरता तो त्याने आणून दिला. आमचा रोष असावयाचाच तर तो नटावर नसावा. दूरच्या गावी प्रयोग नेण्याचा प्रवासखर्च, नेपथ्याची वाहतूक, नाट्यगृहाचे भाडे ह्यांचा मेळ बसविण्याचे काम ज्या संस्थांनी अंगावर घ्यावयास हवे, त्यांत आमच्याही संस्था येतात.

२०१६च्या आरंभी ‘नटसम्राट’ चित्रपट म्हणूनच आमच्या गावांत पोहोचला. बेलवलकर झाले नाना पाटेकर. ‘पुरुष’मधल्या गुलाबरावाने रंगभूमी दणाणून सोडून चित्रपटात गेलेले, आणि म्हणून ‘गेला’ ह्या क्रियापदाचे जुने धनी. ज्यांनी त्यांच्या जाण्याचा शोक केला तेच त्यांना रंगभूमीवरचा नट होताना पाहावयास तिकीट काढून चित्रपटगृहात बसले. पाटेकरांचा बेलवलकर रागात खरा वाटतो, मद्याच्या संगतीत अधिकच. मित्राबरोबरच्या प्रसंगांत तर मूळ नाटकात नसलेली ऊब आहे. स्वगतांत मात्र तो अडखळतो. शिरवाडकरांनी ती स्वगते अशा माणसासाठी लिहिली, ज्याला समोर अंधारात बसलेली शेवटची रांग सवयीने दिसते. कॅमेरा त्याच्या डोळ्यांतील पाण्याजवळ जाऊन उभा राहतो, आणि बेलवलकराचा आवाज त्याला ओलांडून, तेथे नसलेल्या त्या रांगेकडे, जात राहतो.