बिलावरची मुदत

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' कापडाच्या नि भांड्यांच्या दुकानांत ही पाटी आपण लहानपणापासून वाचत आलो. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 ला लागू झाला आणि या पाटीतली हवाच गेली. तीनच दिवसांनी ई-कॉमर्सचे नियमही आले. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरच्या बागेतली संत्री मार्केटप्लेसवर विकणाऱ्याने हे दोन मजकूर सावकाश, शब्द चाखत वाचावेत. त्यांत फार देखण्या जागा आहेत.

पहिली जागा मुदतीची. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा, हे तर सरळच झालं. कसब पुढच्या अर्ध्या वाक्यात आहे: बिलावर मुदत लिहिली असेल तर ती, नसेल तर 30 दिवस. कायदा आधी विक्रेत्याला बोलू देतो आणि तो गप्प राहिला तरच स्वतःचा आकडा पुढे करतो. आता संत्र्याचा विचार करा. सैल सालीचं, नाजूक फळ. कुरिअरच्या गाडीतून उतरल्यावर त्याचे किती दिवस उरतात? 'पेटी मिळाल्यापासून दोन दिवसांत फोटो पाठवा, खराब फळांचे पैसे परत' एवढी ओळ बिलावर असली, की गिऱ्हाइकाला पेटी लगेच उघडायची आठवण राहते आणि बागायतदाराची महिनाभराची टांगती तलवार जाते. एका वाक्यात दोघांची सोय बघणारी अशी कलमं थोडीच.

दुसरी जागा ई-कॉमर्स नियमांतल्या नियम 6 मधली. विक्रेत्याने माल कधी परत घ्यायचाच, त्याची कारणं तिथे ओळीने येतात: सदोष, बनावट, उशिरा पोचलेला, आणि पानावरच्या वर्णनाशी न जुळणारा. उशिराला एक सवलत आहे, आवाक्याबाहेरच्या आपत्तीची. वर्णनाला मात्र कसलीच नाही! म्हणजे परतीचं धोरण पानाच्या तळाशी सुरू होत नाही, ते मालाच्या वर्णनातच सुरू होतं. 'ताजी, रसाळ, उत्तम प्रतीची' असं लिहिणाऱ्याने काहीच सांगितलेलं नसतं आणि वादाला मात्र तीन विशेषणं पुरवलेली असतात. याउलट हे पाहा: 'आंबिया बहार. पेटीत इतके नग. काही फळांच्या सालीवर लाल्याचे (कोळी किडीचे) तपकिरी डाग असतील. आतल्या फोडी चांगल्या.' डाग आधीच सांगितला, की त्याची तक्रार उरत नाही, ओळख होते. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाखाली किन्नो हे वेगळ्या जातीचं फळ पाठवणाऱ्याला हाच नियम आडवा येतो, आणि खऱ्या बागायतदाराच्या पाठीशी उभा राहतो.

किमतीचं थोडक्यात. एकूण रक्कम एका आकड्यात, खाली तिची फोड. परत पाठवण्याचा खर्च कुणाचा, तेही आधीच. तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिन्याभरात.

मला सगळ्यांत भावलेला नियम मात्र विक्रेत्यावर नाही, मार्केटप्लेसवर बंधनकारक आहे. गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली म्हणून शुल्क लावायचं असेल, तर मार्केटप्लेसने स्वतः ती एकतर्फी रद्द केल्यावरही तसंच शुल्क सोसायचं. तराजूची दोन्ही पारडी एकाच वाक्यात तोलली आहेत. सावनेरच्या विक्रेत्यानेही हे आपण होऊन आपल्या पानावर घालावं. गारपिटीने बाग झोडपली आणि पेटी पाठवता आली नाही, तर पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे आधीच लिहिलेलं असलं की गिऱ्हाईक पुढच्या बहारालाही त्याच बागेचं नाव शोधतं.

आंबियाची तोड सुरू व्हायच्या आत मुदत, वर्णन, किंमत आणि परतावा यांची ही चार वाक्यं लिहून काढा, साध्या मराठीत, आणि पेटीतही त्यांची एक चिठ्ठी टाका.