दोरीला ताण हवा

१९१८च्या सप्टेंबरात झुरिचमध्ये ‘हरिणराजा’ हे बाहुलीनाट्य रंगमंचावर आलं आणि तीन प्रयोगांत आटोपलं. पुढचे प्रयोग स्पॅनिश फ्लूच्या साथीने गिळले. इटालियन नाटककार कार्लो गोझीच्या १७६२ सालच्या नाटकावर बेतलेल्या या खेळात मनोविश्लेषणातल्या फ्रॉइड-युंग वादाची टवाळी होती. सोफी टॉयबर या स्विस कलावतीने त्यासाठी कातीव लाकडाचे शंकू, नळकांडी, गोळे जोडून बाहुल्या केल्या. सांध्यांतल्या धातूच्या कड्या मुद्दाम उघड्या ठेवल्या. त्या बाहुल्या आज झुरिचच्या संग्रहालयात आहेत. देह शाबूत आहे, चाल गेली.

त्याच वर्षी १५ एप्रिलला रोमच्या ‘तेआत्रो देइ पिक्कोली’त फोर्तुनातो देपेरो या फ्युचरिस्ट चित्रकाराने जिल्बेर क्लावेलच्या साथीने ‘बाल्ली प्लास्तिची’ सादर केलं. संगीत कासेल्ला, मालिपिएरो वगैरेंचं. त्या बाहुल्या हरवल्या. रेखाटनं आणि रंगचित्रं उरली. एल लिसित्स्की या रशियन कलावंताच्या बाहुल्यांची गोष्ट आणखी वेगळी. ‘सूर्यावर विजय’ या १९१३च्या रशियन ऑपेरासाठी त्याने विद्युत्-यांत्रिक खेळ कल्पिला आणि १९२३ मध्ये हॅनोव्हरला त्याची शिलामुद्रित चित्रं काढली. त्या बाहुल्या कधी घडल्याच नाहीत.

आपल्याकडे कोकणातल्या पिंगुळीच्या ठाकरांची कळसूत्री बाहुली बापाच्या हातातून मुलाच्या हातात गेली, म्हणून तिची चाल टिकली. युरोपातल्या या बंडखोर बाहुल्यांना असं घराणं लाभलं नाही. ती उणीव आता अॅनिमेशन आणि सॉफ्टवेअरने भरून काढायचे प्रयत्न होतात. पण हरवलेली चाल, हरवलेला देह आणि न झालेला जन्म ही तीन वेगळी दुखणी आहेत. सगळ्यांना एकच चकचकीत मलम लावून भागत नाही.

टॉयबरच्या बाहुलीचं थ्रीडी स्कॅनिंग केलं की रंग-आकार हुबेहूब मिळतात. वजन मिळत नाही. खरी बाहुली हात उचलते तेव्हा आधी दोरी ताणली जाते, मग लाकूड जरा उशिरा वर येतं, हवं त्यापेक्षा थोडं पुढे जातं, कडी खुळखुळते, झोका ओसरतो. अॅनिमेटर एकेक मुद्रा ठरवून मधल्या चौकटी संगणकाकडून भरून घेतो, तेव्हा हा सारा हिशेब पुसला जातो. उरतं ते गुळगुळीत कार्टून. प्रत्येक अवयवाला वस्तुमान, दोरीला लांबी आणि गुरुत्वाकर्षणाला जागा देणारं फिजिक्स इंजिन वापरलं, तरच लाकडाचा स्वभाव थोडाफार परततो. आणि पडद्यावरची बाहुली नाचवायला कॅमेऱ्यासमोर रिकामी बोटं हलवणाऱ्या प्रेक्षकाला ताण जाणवत नाही तो नाहीच. अमेरिकन बाहुलीकार जिम हेन्सनच्या मंडळींनी १९८९ मध्ये टीव्हीवर ‘वाल्डो’ हे संगणकी पात्र आणलं, तेव्हा ते हलवायला बाहुलीकाराच्या हाताला एक यांत्रिक साधन दिलं होतं. हात कायम ठेवण्याचं ते शहाणपण आजच्या कित्येक दिमाखदार पुनर्निर्मितींत आढळत नाही.

देपेरोच्या बाबतीत प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे. रेखाटन रंग सांगतं, वेग सांगत नाही. पडद्यावर एकच चाल ठरवून दाखवली की अंदाज इतिहास होऊन बसतो. इथे संवादी सॉफ्टवेअर उपयोगी पडतं: त्याच्या खेळातलं एकच निळं अस्वल प्रेक्षकाने कधी संथ, कधी झपाट्याने नाचवून पाहावं, आणि पुरावा कुठे संपतो हे त्याला दिसत राहावं.

लिसित्स्कीला मात्र सॉफ्टवेअर परकं नाही. एक माणूस नियंत्रण-फलकापाशी बसून हालचाल, प्रकाश आणि ध्वनी चालवतो, ही त्याचीच कल्पना. तिथे संगणक नक्कल करत नाही, राहिलेलं काम पुरं करतो. म्हणूनच तिथलं यश इतरांना मापदंड म्हणून लावू नये.

आपल्या भाषेत ‘सूत्रधार’ हा शब्दच दोरी हातात घेऊन येतो. टॉयबरच्या संचात पहारेकऱ्यांची एक आकृती आहे: एकाच धडाला अनेक हात, अनेक पाय, अनेक तलवारी. नव्या सॉफ्टवेअरची परीक्षा तिच्यावरच घ्यावी. सगळे हात एका इशाऱ्यावर शिस्तीत उठले, तर कवायत झाली. दोन उठले, तिसरा अडला आणि चालवणाऱ्याला दोरी पुन्हा सैल सोडावी लागली, तर समजावं की बाहुली संग्रहालयाच्या काचेबाहेर आली.