सम्राटाची वही आणि हाताखालचा माणूस

रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस याने इसवी सन 161 ते 180 अशी एकोणीस वर्षे राज्य केले. त्यातली बरीच वर्षे डॅन्यूब नदीच्या आघाडीवरील लढायांत गेली. त्याच काळात साथीच्या रोगाने साम्राज्य पोखरले. अशा दिवसांत त्याने ग्रीक भाषेत काही टिपणे लिहिली. ती लोकांसाठी नव्हती, स्वतःसाठी होती. आज हीच टिपणे व त्यांच्यामागचे स्टोइक तत्त्वज्ञान व्यवस्थापनाच्या पुस्तकांत आणि अधिकाऱ्यांच्या शिबिरांत येऊन बसले आहे. साहेबाने शांत कसे राहावे, अपयश कसे पचवावे, याची उत्तरे तेथे शोधली जातात. त्यात गैर काही नाही. मात्र हे लेखन कोणी कोणाला उद्देशून केले हे न पाहता ते वापरले, की त्याचा अर्थ उलटा होतो.

या पंथाचा दुसरा आचार्य एपिक्टेटस. जन्माने गुलाम, पायाने अधू. मुक्त झाल्यावर त्याने निकोपोलिस येथे शाळा चालविली. त्याची प्रवचने शिष्य एरियन याने लिहून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत आली. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. हा भेद ओळखणे हीच शहाणपणाची सुरुवात, हे त्याचे मुख्य सांगणे. रस्टिकस या गुरूने आपल्याला ही प्रवचने वाचायला दिली, अशी कृतज्ञ नोंद सम्राटाच्या वहीत आहे. म्हणजे सिंहासनावरचा माणूस गुलामाकडून शिकला आणि शिकलेले स्वतःवर चालवीत राहिला. वहीतला ‘तू’ तो स्वतःच आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. समर्थ रामदासांचे 205 ‘मनाचे श्लोक’ मनालाच उद्देशून आहेत. त्याच रामदासांनी ‘दासबोधा’च्या अकराव्या दशकात ‘राजकारणनिरूपण’ आणि ‘महंतलक्षण’ हे समास लिहिले. तेथे पुढारपण करणाऱ्याने काय करावे याचा विचार आहे. सावधपणा, यत्न आणि माणसांची पारख यांना तेथे मान आहे. मनाला समजावणे वेगळे आणि समुदाय चालविणे वेगळे, हे समर्थांनी जाणले होते. आजच्या व्यवस्थापकीय वाचनात नेमका हाच भेद पुसला जातो.

तो पुसला की काय होते? संत्र्याच्या बागेवर गारपीट झाली तर ती कोणाच्याच हातात नसते. तेथे एपिक्टेटस धीर देईल. पण त्याच बागेतल्या मजुराची मजुरी आभाळातून पडत नाही, ती कोणीतरी माणूस ठरवितो. कारखान्यातील पाळीचे तास, रजा, बढती यांचेही तसेच. ज्याच्या हातात या गोष्टी आहेत त्यानेच हाताखालच्याला ‘जे आपल्या हातात नाही त्याची चिंता करू नये’ असे ऐकवावे, हा तत्त्वज्ञानाचा वापर नव्हे, आडोसा आहे. स्टोइकांनी विवेक, धैर्य आणि संयम यांच्या जोडीला न्यायही सद्गुण मानला होता. संयम तेवढा कामगाराला वाटून द्यायचा आणि न्यायाचे पान उलटून टाकायचे, हे वाचन अर्धवट आहे. तिगावहून चिचोंड्याचा घाट चढताना जड मालगाडीला मागून जास्तीचे इंजिन लावतात. डब्यांना कोणी धीर धरायला सांगत नाही.

येथे लोकमान्य टिळकांचे उदाहरण मोलाचे वाटते. 1908 साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. तुरुंगात असतानाच 1912 साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. ग्रंथ 1915 साली प्रसिद्ध झाला. त्यातील ‘सिद्धावस्था व व्यवहार’ या प्रकरणाचे नावच बोलके आहे. ज्ञानी माणसाने कर्म सोडू नये, हा ग्रंथाचा सिद्धान्त. स्थितप्रज्ञता त्यांनी स्वतःच्या वाट्याच्या दुःखासाठी वापरली. शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी मात्र सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला. पुढाऱ्याची शांतता आणि कामगारांचा संताप या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मार्कसच्याही मर्यादा सांगितल्या पाहिजेत. एपिक्टेटसला गुरुस्थानी मानूनही त्याच्या राज्यात गुलामगिरी चालूच राहिली, आणि मागे राज्य गेले ते कॉमोडस या नालायक मुलाकडे. मन आवरले म्हणून कारभार आपोआप न्याय्य होत नाही. तरीही वहीचे मोल उरतेच. एवढी सत्ता हातात असलेला माणूस रोज स्वतःलाच जाब विचारतो, हे दृश्य जगाच्या वाङ्मयात विरळा आहे.

आपल्या सीमाभागाला तर हा भेद अनुभवाने ठाऊक आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिले. ती रेघ येथील शेतकऱ्याच्या हातात नव्हती. घरात मराठी बोलणे, वाचणे, लिहिणे हातात होते, आणि ते चालू राहिले. पण म्हणून मराठी शाळा आणि मराठी पुस्तके मागायचीच नाहीत, असे एपिक्टेटसनेही सांगितले नसते. मागणे हेही आपल्याच हातात असते.