१८९५ ची मुंबई कायदेमंडळ निवडणूक : ‘लोकनियुक्त’ या संज्ञेची चिकित्सा

प्रस्तावना :
लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मुंबई प्रांताच्या कायदेमंडळावर निवडून आले. ही घटना अनेकदा जनतेचा कौल म्हणून मांडली जाते. हा कौल नेमका कोणाचा होता, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

कायद्याची चौकट :
१८९२ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने मुंबई कायदेमंडळातील अतिरिक्त सभासदांची संख्या किमान ८ व कमाल २० ठरविली. ‘निवडणूक’ हा शब्द मात्र कायद्यात नव्हता. महापालिका, विद्यापीठ, स्थानिक बोर्ड यांसारख्या संस्थांनी नावाची शिफारस करावी आणि सरकारने नेमणूक करावी, अशी ही पद्धत होती. सभासदांना प्रश्न विचारण्याचा व अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा अधिकार मिळाला. त्यावर मत देण्याचा मिळाला नाही.

निकालाचा अन्वयार्थ :
टिळकांना पाठविणारा मतदारसंघ मध्य विभागातील जिल्हा लोकल बोर्डांचा होता. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर, नाशिक व खानदेश हे जिल्हे या विभागात मोडत. मतदार होते ते बोर्डांचे सभासद. रयतेला प्रत्यक्ष मत नव्हते. म्हणून या निकालाला लोकमताचा पुरावा मानणे शास्त्रशुद्ध ठरत नाही. तथापि त्याला निरर्थक म्हणणेही तितकेच एकांगी होय. ज्या बोर्डांवर कलेक्टर अध्यक्ष असत आणि सरकारनियुक्त सभासदही बसत, त्याच बोर्डांनी ‘केसरी’च्या संपादकाची निवड केली, यात निकालाचे खरे मोल आहे. १८९७ मध्ये टिळक पुन्हा निवडून आले आणि त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली.

पुढे १८९९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले याच विभागातून कायदेमंडळात गेले. दोघांचे राजकीय मार्ग भिन्न असूनही मतदारसंघ एकच होता. त्यामुळे १८९५ च्या निकालात जहाल पक्षाचा विजय शोधणे म्हणजे नंतरच्या दुफळीची मोजपट्टी आधीच्या काळाला लावणे होय.

मराठवाड्याचा संदर्भ :
या इतिहासाला ‘महाराष्ट्रातील निवडणूक’ म्हणतानाही सावधगिरी हवी. शेजारच्या अहमदनगरचे बोर्ड या मतदानात सहभागी होते. बीड जिल्हा मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने सिरसाळ्यासारख्या गावांचा या कायदेमंडळाशी संबंधच नव्हता. येथील सर्वसामान्य प्रौढाला विधिमंडळासाठी मत मिळाले ते १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत. पुण्याचा अनुभव मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला ‘आपला’ म्हणून शिकविला, तर हे अंतर त्याच्या दृष्टीआड होते.

निष्कर्ष :
१८९५ चा निकाल लोकनियुक्तीचा नव्हे, तर मर्यादित शिफारशीचा होता. त्या मर्यादेतही सरकारच्या टीकाकाराची निवड झाली, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व. अध्यापनात कोण जिंकले याआधी मत कोणाला होते, हा प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे.