क्रियापदांची निवड : 'सबनॉटिका' या संगणकीय खेळाच्या रचनेचा विचार

संगणकीय खेळाचे परीक्षण करताना टीकाकाराचे लक्ष बहुधा कथानकाकडे अथवा दृश्यांच्या वैभवाकडे जाते. वस्तुतः कथा कादंबरीतही असते आणि दृश्य चित्रपटातही असते. खेळाचे वेगळेपण खेळाडूला काय करता येते व काय करता येत नाही, यात आहे. 'पोहणे', 'उचलणे', 'बांधणे', 'मारणे' यांपैकी कोणती क्रियापदे द्यावयाची आणि कोणती राखून ठेवावयाची, यावरून त्या जगाचा अर्थ ठरतो. विज्ञानकथेच्या पार्श्वभूमीवर तगून राहण्याची धडपड रंगविणाऱ्या खेळांत ही निवड विशेष निर्णायक असते. 'सबनॉटिका' हे त्याचे अभ्यसनीय उदाहरण होय.

'अन्नोन वर्ल्ड्स एंटरटेनमेंट' या अमेरिकन संस्थेचा हा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये अपूर्ण अवस्थेत खेळाडूंच्या हाती आला व जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. 'अरोरा' नावाचे अवकाशयान एका जलमय ग्रहावर कोसळते. बचावकुपीतून वाचलेला एकटा मनुष्य समुद्रातून अन्न, पाणी व धातू मिळवितो, त्यांपासून अवजारे आणि वाहने घडवितो व ग्रहाबाहेर पडण्याचा मार्ग शोधतो. कथाबीज जुनेच आहे. नवे आहे ते या जगाचे माप.

हे माप म्हणजे श्वास. प्रारंभी खेळाडूजवळ ४५ सेकंदांचा श्वास असतो. पहिली साधी टाकी घडविल्यावर त्यात ३० सेकंदांची भर पडते. त्यामुळे एखादी जागा किती दूर आहे, हा प्रश्न तेथून परत येता येईल काय, या प्रश्नात रूपांतरित होतो. १०० मीटरांखाली विशिष्ट मुखवटा नसेल तर प्राणवायू अधिक वेगाने संपतो. नकाशा दिलेलाच नाही. पुढे 'सीमॉथ' हे लहान वाहन मूळ रूपात २०० मीटर, 'सायक्लोप्स' ही पाणबुडी ५०० मीटर आणि 'प्रॉन' हा यांत्रिक पोशाख ९०० मीटर खोलीचा दाब सोसतो. प्रत्येक नवे साधन म्हणजे लांबविलेला श्वास होय. आता खाली उतरावे, असे कथेने सांगण्याची गरज उरत नाही. ज्या खोलीला आपले साधन पुरत नाही, तीच खोली खेळाडूला बोलावीत राहते. भय आणि कुतूहल या दोन्ही वृत्ती एकाच मापाने मोजल्या जाव्यात, हे या रचनेचे मोठे यश आहे.

भूक आणि तहान यांविषयी मात्र असे म्हणता येत नाही. भाषाविज्ञानात एखादा ध्वनी अर्थभेदक आहे की नाही, हे ठरविण्यासाठी तो बदलून पाहतात. 'पळ' या शब्दातील 'प'च्या जागी 'फ' ठेवला की 'फळ' होते. अर्थ पालटतो, म्हणून तो भेद मराठीत महत्त्वाचा. हीच कसोटी खेळाच्या नियमांना लावता येते, आणि येथे रचनाकारांनी तिची सामग्री स्वतःच पुरविली आहे. 'फ्रीडम' या पर्यायात भूक व तहान वगळलेली आहेत; तरीही खेळाचे भय, त्यातील शोध व त्याची लय जवळजवळ अबाधित राहतात. 'क्रिएटिव्ह' या पर्यायात श्वासाचेही बंधन नाही. तेथे समुद्र हे केवळ निळे दृश्य होऊन बसते. म्हणजे श्वास हा अर्थभेदक नियम आहे, तर भूक ही बव्हंशी या खेळप्रकाराची रूढी आहे. निवाऱ्यात रोपे लावली आणि पाणी गाळणारे यंत्र बसविले की तिची निकड संपते व केवळ नित्यकर्म उरते.

या खेळाची सर्वाधिक चर्चा झाली ती एका वगळलेल्या क्रियापदामुळे. खेळाडूजवळ सुरी आहे, प्राण्याला काही काळ स्तब्ध करणारे साधनही आहे. पण प्राण घेणारी बंदूक नाही. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतील न्यूटाउन येथील शाळेत झालेल्या गोळीबारात २० बालके व ६ प्रौढ मृत्युमुखी पडले. खेळांमुळे माणसे हिंसक होतात असे आपण मानीत नाही, परंतु जगात आणखी बंदुकांची भर घालणेही आपल्याला नको वाटले, अशी भूमिका या खेळाचे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी जाहीरपणे मांडली. त्याच संस्थेचा २०१२ मधील 'नॅचरल सिलेक्शन २' हा खेळ गोळीबारावरच उभा होता, हे लक्षात घेता या निर्णयाचे गांभीर्य कळते.

केवळ शस्त्र काढून घेतल्याने रचना घडत नाही. रिकामी झालेली जागा भरावी लागते. 'स्टॉकर' नावाचा हिंस्र जलचर धातूचे तुकडे तोंडात धरून हिंडतो आणि तसे करताना त्याचा एखादा दात गळतो. मोठ्या वाहनांना लागणारी मजबूत काच घडविण्यास तो दात आवश्यक असतो. प्राण्याला ठार केल्यास दात मिळत नाही; त्याचे जिवंत असणेच लाभाचे ठरते. 'रीपर' हा महाकाय जलचर महत्प्रयासाने मारता आला तरी त्यापासून काही हाती लागत नाही. शेवटचा उलगडाही याला सुसंगत आहे : ग्रहावरील रोगातून सुटका होते ती कोणाचा पराभव करून नव्हे, तर एका वृद्ध, बंदिस्त प्राण्याची अंडी उबविण्यास साहाय्य केल्याने. नियम आणि कथा यांचे असे ऐक्य या प्रकारात क्वचितच साधते.

तथापि एक आक्षेप उरतोच. लहान मासे हाताने पकडायचे आणि यंत्रात ठेवायचे. क्षणात शिजलेले अन्न पुढे येते. 'ब्लॅडरफिश' या माशाचे तर पिण्याचे पाणी होते. येथे 'पकडणे' आहे, 'शिजविणे' आहे. या दोहोंच्या मध्ये जे घडते त्याला क्रियापदच नाही. भाषेत अप्रिय गोष्टीचे नाव टाळल्याने ती गोष्ट नाहीशी होत नाही. तसाच प्रकार येथे झाला आहे. महाकाय प्राण्यांविषयी अहिंसा आणि लहानांविषयी मौन, ही विषमता खेळाने कोठेही तपासलेली नाही. समुद्रातून ओरबाडलेल्या साधनसंपत्तीबद्दल एक लक्ष कोटींचे देणे शेवटी कंपनी त्या माणसावर लादते, तो उपहास मार्मिक आहे. पण त्यात हिशेब मांडला जातो तो कंपनीचा, समुद्राचा नव्हे.

वस्तुतः भुकेचा नियम दुबळा राहिला, त्याचेही कारण येथेच सापडते. जगण्यासाठी दुसऱ्याचा जीव घ्यावा लागतो, ही जाणीव खेळाडूला झाली असती, तर भूकही श्वासाइतकीच अर्थभेदक ठरली असती. रचनाकारांनी बंदूक वगळण्याचे धैर्य दाखविले, ते निःसंशय गौरवास्पद आहे. हातातल्या लहान माशाचे काय होते, हे सांगणारे क्रियापद देण्याचे धैर्य मात्र पुढील रचनाकारांसाठी शिल्लक राहिले आहे.